धरून चालणे

घराला कुलूप लावलं की लंकाबाई किल्ली दाराशेजारच्या भिंतीतल्या देवळीत ठेवायची, तिच्यापुढं एक चपटा दगड उभा करायची आणि शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आक्काबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, "आक्का, किल्ली देवळीत हाय गं."

आक्काबाईला ते माहीत होतं. वस्तीवरच्या कुत्र्यांनाही माहीत असावं. सुपातले गहू निवडता निवडता म्हातारी कधी मान हलवायची, कधी म्हणायची, "मला काय सांगती? चोराला सांग. बिचाऱ्याची शोधाशोध वाचंल." लंकाबाई हसायची नाही, रागवायचीही नाही. पदर खोचून शेवगावच्या टमटमसाठी रस्त्याकडे चालू लागायची. नऊ वर्षांत तिचं हे वाक्य एक दिवसही चुकलं नव्हतं.

देवळीत किल्ली पहिल्यांदा ठेवली ती सूर्यभाननं. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक वस्तीवर आला, भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या, आणि सगळे बसल्यावर तो एकटा मागं पळाला. कुलूप ओढून पाहिलं, किल्ली देवळीत सरकवली आणि ट्रकच्या फाळक्यावर चढता चढता म्हणाला, "जो आधी यील त्यानं काढायची." टोळीतली माणसं हसली. ऊसतोडीला गेलेल्या नवरा-बायकोत आधी आणि नंतर येण्याचा प्रश्नच नसतो. मुकादमाच्या वहीत ती दोन माणसं नसतात. दोघांचा मिळून एक कोयता असतो. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते. त्यातलं एक आजारी पडलं तर दुसरं अर्धा कोयता होतं, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी उचलत नाही.

उभ्या उसात हातभरावरचं माणूस दिसत नाही. म्हणून तोडणारे एकमेकांना हाका देत राहतात, म्हणजे कुणाचा कोयता कुणाच्या अंगावर यायला नको. सूर्यभानला ती सवय जरा जास्तच होती. "इकडं हाय गं." "पल्याडच्या सरीला जातो." "पानी पिऊन येतो." पाचटाच्या कोपीवर आल्यावरही चालूच. आंघोळीला जाताना सांगायचा, तंबाखू मळायला बाहेर बसला तरी आतल्या अंधाराला सांगायचा. लंकाबाई म्हणायची, "समजलं. श्वास घेतला तरी सांगत जा." त्यावर तो म्हणायचा, "घेतला बघ." त्यांना मूल नव्हतं. बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणूनही असेल.

त्या हंगामात, पौषातल्या एका सकाळी तो भरलेल्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेला. ट्रॉलीवर चढून त्यानं सांगितलं, "गाडी खाली करून येतो. येताना फाट्यावर चहा घेतो." फाट्यावर त्यानं चहा घेतला, एवढं नक्की. चहावाल्यानं पोलिसांना तसं सांगितलं. मग तो कालव्याच्या बाजूनं चालत गेला. त्यापुढचं कुणीच काही सांगितलं नाही. धाकटा भाऊ भागवत गावाहून आला, दोन दिवस कालव्यात गळ टाकून हिंडला. कालव्यानं एक चप्पल दिली, ती दुसऱ्याच कुणाची निघाली. आठव्या दिवशी मुकादमानं खाली मान घालून लंकाबाईला गावी जायला सांगितलं. अर्धा कोयता.

घरी आली तेव्हा किल्ली देवळीतच होती. ती तिनं काढली, घर उघडलं, आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडताना परत तिथंच ठेवली. सूर्यभानला कुणाचा फोन नंबर पाठ नव्हता. पण किल्ली कुठं असते ते त्याला माहीत होतं.

शेवगावात बसस्टँडमागं, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर एक अभ्यासिका आहे. तिथं झाडलोट करायचं आणि पिण्याच्या पाण्याचे जार वर चढवायचं काम तिला मिळालं. खोलीत तीस टेबलं, आणि प्रत्येक टेबलाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडची आड. शेजारचा दिसू नये, लक्ष विचलित होऊ नये, म्हणून. स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी तिथं सकाळी सात वाजता शिरायची आणि दिवे लागल्यावर बाहेर यायची. पहिल्यांदा ते पाहिल्यावर लंकाबाईला उसाची आठवण झाली होती. फक्त इथं कुणी कुणाला हाक देत नव्हतं.

दाराजवळ एक पांढरा फळा होता. सकाळी जो पहिला येईल त्यानं त्यावर इंग्रजीतला एक अवघड शब्द, मराठी अर्थ आणि एक वाक्य लिहायचं, असा तिथला नेम. संध्याकाळी फळा पुसायचं काम लंकाबाईचं. पुसण्याआधी ती धनश्रीला विचारायची, "आज काय आलाय?"

धनश्री पाथर्डीकडच्या एका खेड्यातली. तिसऱ्यांदा परीक्षेला बसली होती. दुपारचा डबा ती जिन्यात एकटीच बसून खायची, आणि त्याच वेळी लंकाबाई जिना पुसायला घ्यायची. तेवढ्यावर त्यांची ओळख वाढली. धनश्री शब्द सांगायची, अर्थ सांगायची. लंकाबाई तो दोनदा म्हणून बघायची आणि मग फडकं फिरवायची. टेबल नंबर चारवरचा मच्छिंद्र म्हणायचा, "मावशी, तुम्ही फॉर्म भरा. आमच्यातला एखादा तरी पास झाला म्हणता येईल."

"भरते की. साहेब झाले की जार तू उचलायचे."

उन्हाळ्याच्या तोंडाला भागवत वस्तीवर आला. ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला, पण बराच वेळ कप नुसता फिरवत राहिला.

"वैनी, मला घाई असती तर मी दोन वर्सं आधीच आलो असतो."

"व्हय. तुमी घाई केली न्हाई, भाऊजी."

"विहीर मंजूर झालीय. उताऱ्यावर दादाचं नाव हाय. दादाची सही पायजे, न्हाईतर दादाचा दाखला."

"मेल्याचा दाखला मेल्यावर देत्यात."

"सात वर्सं काईच कळलं न्हाई तर कोर्ट देतं. अर्ज तुमच्या नावानं करावा लागतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "मी कालव्यात उतरलो हुतो, वैनी. मला बी सोपं न्हाई."

गहिनीनाथ वकिलांनी तयार करून ठेवलेला कागद इंग्रजीत होता. त्यांनी बोट ठेवून सांगितलं, "सूर्यभान मयत झाल्याचं जाहीर करून घ्यायचं. इथं सही करा."

लंकाबाईनं पेन घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. "वाचून आनते."

"बाई, इंग्रजीत आहे."

"वाचनारी हाय माझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात तिनं तो कागद पिशवीतून काढला. धनश्रीनं डबा बाजूला ठेवला, हात पुसले.

"मयत कुठं लिवलंय, ते दाव."

धनश्रीचं बोट ओळींवरून खाली आलं. "नुसतं मयत नाही लिहिलेलं, मावशी. त्याच्याआधी एक शब्द आहे. प्रिझ्यूम."

"फळ्यावर आलता का?"

"नाही अजून."

"मग सांग. अर्थ आन् वाक्य."

"प्रिझ्यूम म्हणजे धरून चालणं. पक्कं माहीत नसतं, पण बहुतेक तसंच असणार, म्हणून तसं धरून चालायचं. उलट पुरावा येईपर्यंत."

"वाक्य?"

"तुम्ही जेवला असाल, असं मी धरून चालते."

"मी जेवले न्हाई."

"बघा, आला उलटा पुरावा." धनश्रीनं अर्धी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली.

लंकाबाईनं एक घास खाल्ला. मग म्हणाली, "वरचा जार रिकामा झाला आसंल म्हनून मी येताना भरलेलाच घिऊन येते. ते प्रिझ्यूम का?"

"अगदी. रोज रिकामा होतो, हे तुम्ही बघितलंय. म्हणून."

"आन् ते येतील असं मी नऊ वर्सं धरून चाललेय. ते बी त्यातच आलं."

धनश्रीनं कागदावरचं बोट उचललं. खोटं सांगता आलं असतं. पण अर्थ चुकीचा सांगायची तिला सवय नव्हती. "त्याला दुसरा शब्द आहे," ती हळू म्हणाली. "अझ्यूम. हातात आधार नसला तरी मनानं धरून चालणं."

खाली खताच्या दुकानात कुणीतरी पोती मोजत होतं. लंकाबाईनं भाकरीचा उरलेला तुकडा पदराच्या टोकात बांधला.

"बरं झालं सांगितलं. परीक्षेत इचारत आसतील."

"विचारतात. दोन्हींतला फरक."

"मग कोर्टाला कशाचा आधार? कोर्टानं त्यांना बघितलं बी न्हाई."

धनश्रीनं पुढचा परिच्छेद दोनदा वाचला. अशी लांबलचक वाक्यं ती परीक्षेत सोडून द्यायची. हे तिनं सावकाश उलगडलं. "सात वर्षं झाली. तो जिवंत असता तर ज्यांना त्याच्याबद्दल साहजिकच कळलं असतं, त्यांना काहीच कळलेलं नाही. म्हणून कोर्ट तसं धरून चालतं."

"ज्यांना म्हंजी कुनाला?"

"म्हणजे तुम्हाला."

"परत वाच."

धनश्रीनं परत वाचलं.

त्या संध्याकाळी लंकाबाई फळा पुसायला विसरली. टमटममध्ये ती कडेच्या सीटवर बसली होती आणि तिला सुपं हे गाव आठवत होतं.

सूर्यभान गेल्यावर दोन वर्षांनी टोळीतला हनुमंत सांगत आला होता, सुप्याच्या एमआयडीसीत सूर्यभानसारखा माणूस दिसला म्हणून. मोटारसायकलवर. मागं एक बाई, मध्ये लहान मूल. वस्तीवर ते सगळ्यांना कळलं, आणि बायका तिच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागल्या. लंकाबाई सुप्याला गेली. एका कारखान्याच्या गेटसमोर वडापावच्या गाडीशेजारी ती तीन दिवस उभी राहिली. पाळी सुटली की निळ्या सदऱ्यांचा लोंढा बाहेर यायचा. तिसऱ्या दिवशी एक पाठ दिसली. तशीच रुंद, उजव्या खांद्याला तशीच कललेली. ती दहा पावलं पळाली. माणूस वळला. तो नव्हता. तिला रडू यायला हवं होतं, पण छातीतून काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं. एसटीत बसल्यावर तिला त्या मोकळं होण्याची लाज वाटली होती. त्याचा अर्थ तिनं तेव्हा लावला नाही.

आज तो आपोआप लागत होता. सूर्यभान जिता असेल, तर तो नऊ वर्षं कुठंतरी उठतो, जेवतो, तंबाखू मळतो आणि तिला सांगत नाही. देवळीत किल्ली ठेवताना ती रोज हेच धरून चालत होती. त्याला जितं ठेवायचं म्हणून तिनं त्याला न सांगता निघून गेलेला माणूस करून टाकलं होतं. आणि कोर्टाच्या कायद्यानं, ज्यानं त्याला कधी पाहिलं नाही त्यानं, लिहिलं होतं की असता तर सांगितलं असतंच.

ती घरी पोचली. देवळीतला दगड बाजूला केला, किल्ली काढली. आक्काबाईनं विचारलं, "वकिलाकडं सही केली का?"

"उद्या करते."

सही केली. मग तारखा सुरू झाल्या. वर्तमानपत्रात सूर्यभानच्या फोटोसह नोटीस आली, ती घडी घालून तिनं डब्यात ठेवली. पावसाळा कोरडा गेला, मग शेवटी शेवटी जोरात पडला. भागवतनं विहिरीची जागा चुन्यानं आखून ठेवली, ती दोनदा वाहून गेली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर धनश्री परत आली नाही. पहिले चार दिवस लंकाबाईनं तिचं टेबल रोज पुसलं. पाचव्या दिवशी तिथं नवीन मुलगी बसली. तिनं आडेवर देवाचं चित्र चिकटवलं.

"धनश्री कुठाय?" लंकाबाईनं मच्छिंद्रला विचारलं.

"तिचं लग्न ठरलं, मावशी. राहात्याला दिली म्हणतात. तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगितलं आसंल. माझ्या ध्यानात न्हाई," लंकाबाई म्हणाली आणि जार उचलून आत गेली.

पण ही गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. जिन्यात रोज अर्धी भाकरी मोडणारी पोरगी. ती जिती होती, धड होती, तिच्या हातात फोन होता, आणि तिनं कळवलं नव्हतं. म्हणजे जिती माणसंही कळवत नाहीत. मग कोर्टाचा आधार किती खरा? फळ्यावर आता कुठलेही शब्द येत. ती न विचारता पुसून टाकायची.

लंकाबाईच्या साक्षीची तारीख माघात निघाली. साक्षीच्या पिंजऱ्यात ती उभी राहिली तेव्हा पंखा बंद होता आणि बाहेर झेरॉक्सच्या दुकानातली रांग दिसत होती. न्यायाधीश तरुण बाई होत्या. टेबलाशी बसलेला माणूस तिचं बोलणं टाइप करत होता. गहिनीनाथ वकिलांचं विचारून झाल्यावर सरकारी वकील उठले. त्यांच्या आवाजात रोजच्या कामाचा कंटाळा होता, दुष्टपणा नव्हता.

"नवऱ्याशी भांडण होतं का?"

"तसं न्हाई. घरातलं हुतं तेवढंच."

"मूल नव्हतं?"

"न्हाई."

"दुसरीकडं संसार थाटून तो सुखात राहत असेल, असं होऊ शकत नाही का?"

मागच्या बाकावर भागवतनं पाय जवळ घेतले. लंकाबाईला सुप्याचं गेट दिसलं, वळलेला तो अनोळखी चेहरा दिसला, आणि त्याच्यामागं रिकामा जिना. लोकांचं काय सांगता येतं. कुणीही न सांगता जातं. तिनं लाकडी कठड्यावरचे हात काढून घेतले.

"न्हाई, साहेब. जिते आसते तर मला सांगितलं आसतं."

"कशावरून म्हणता?"

"उसात ह्या सरीतून त्या सरीला जाताना बी सांगायचे. पानी प्यायला जाताना सांगायचे. दुसऱ्या कुनाचं मला म्हाईत न्हाई. त्यांचं म्हाईत हाय."

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. त्यानं न्यायाधीश बाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "आहे तसं घ्या. तिच्या शब्दांत." मग सरी हा शब्द कसा घ्यायचा ते त्यांनी त्याला सांगितलं, आणि पुढचा पुकारा झाला. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील.

निकाल फाल्गुनात आला. इंग्रजी कागदात तो शब्द होता, प्रिझ्यूम. सहीपुरतं सोडलं तर लंकाबाईला अक्षरं येत नव्हती, पण त्याचा आकार तिनं ओळखला. पुढं महसुलाच्या कागदावर मात्र मराठीत नुसतं 'मयत' लिहून आलं, आधी काही नव्हतं, असं भागवतनं वाचून दाखवलं. तिथं वाद घालायला ती गेली असती तर बरोबर कोण आलं असतं?

भागवतनं गोदावरीच्या काठी दर्भाचा पुतळा करून विधी केले. वस्तीवरच्या बायका दुपारी तिच्याकडे यायच्या होत्या, कुंकू उतरवायला. लंकाबाईनं सकाळीच ते स्वतः पुसलं होतं, बांगड्या काढून डब्यात, त्या नोटिशीवर ठेवल्या होत्या. आलेल्या बायकांना तिनं चहा दिला. बसून बसून त्या उन्हाळ्याचं बोलल्या, विहिरीला पाणी किती फुटांवर लागेल ते बोलल्या. सूर्यभानबद्दल कुणी विचारलं नाही. सुप्याचंही कुणी काढलं नाही.

बायका गेल्यावर तिनं दार आतून लावून घेतलं. घरात आवाज नव्हता. तो तसा दहा वर्षं नव्हताच, पण इतके दिवस ती त्यात कान देऊन बसायची. आज तिनं दिवसाढवळ्या आडवं होऊन डोळे मिटले, आणि तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. तिनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. हात आपसूक देवळीकडं गेला आणि दगडापाशी थांबला. दगड थंड होता. देवळीत किल्लीच्या आकाराची एक जागा इतक्या वर्षांत गुळगुळीत झाली होती. तिनं ती बोटानं चाचपली, मग किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली आणि पिशवीची नाडी ओढली. शेजारच्या ओट्यावर आक्काबाईनं गहू निवडता निवडता हात थांबवला होता. म्हातारी वाट बघत होती.

"आक्का, किल्ली आता माझ्यापाशी हाय," लंकाबाई म्हणाली. "गिरनीवाल्यानं दळन आनलं तर तुझ्याकडंच ठिवून घे."